एमओटी की फुल सर्व्हिस? ब्रिटनमधे जुनी गाडी घेताना

"एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्याइतकी सुरक्षित आहे का हे बघणारी ब्रिटनमधली वार्षिक टेस्ट) पास आहे" म्हणून डोळे झाकून गाडी घेऊ नका प्लीज, कारण त्या टेस्टमधे ब्रेक, टायर, लाईट, स्टेअरिंग, धूर हे बघतात पण काही खोलत नाहीत, इंजिन, क्लच, गिअरबॉक्सची कंडिशन तर त्यात येतच नाही, टायमिंग बेल्ट तुटायला आला असला तरी पास. आणि टायरची नक्षी १.६ मिमी असली की पास, पुढच्या महिन्यात काय होईल त्याची गॅरंटी नाही.

सर्व्हिसमधे ऑईल, फिल्टर बदलतात, पण तीही गॅरेजवाल्यावर अवलंबून. एमओटी कायद्याने लागतेच, फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. मी तर सर्व्हिस रेकॉर्डलाच जास्त महत्त्व देईन, सोबत ऑनलाईन फुकट मिळणारी एमओटी हिस्टरी बघा, त्यातल्या ॲडव्हायझरी (पास करतानाच 'याकडे लक्ष ठेवा' म्हणून लिहिलेल्या सूचना) नक्की वाचा.