बासवाल्याचा पहिला मोठा खर्च: कॉम्बो अ‍ॅम्प की डीआय पेडल?

बास गिटार घेऊन झाला, पाच-सहा गाणी हातात बसली आणि कुणीतरी सोसायटीच्या गणपतीत वाजवायला बोलावलं, की पुढचा खर्च दारात येऊन उभा राहतो. दुकानात गेलात तर कॉम्बो अ‍ॅम्प पुढे करतात. ग्रुपमधला मुरलेला वादक म्हणतो, अ‍ॅम्प कशाला, एक डीआय पेडल घे आणि मोकळा हो. दोघांचंही बरोबर असतं, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोरचा गिऱ्हाईक वेगळा असतो. मी आठवडाभर ऐरोलीत नोकरी करतो, राहतो ठाण्यात आणि सुट्टीच्या दिवशी मिळेल तिथे वाजवतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: आपल्या भागातल्या बहुतेक हौशी बासवाल्यांनी आधी पेडल घ्यावं. ज्यांनी घेऊ नये, त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

नक्की काय काय आहे

कॉम्बो म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात. फेंडरचा रम्बल ४० हे नेहमीचं उदाहरण: ४० वॉट, एक १० इंची स्पीकर, वजन साधारण ८ किलो. त्याच घरातला रम्बल ५०० घेतलात तर दोन १० इंची स्पीकर आणि साडेसोळा किलोच्या आसपास वजन. जुन्या जड अ‍ॅम्पांच्या मानाने हे काहीच नाही, पण उचलणारे तुम्ही एकटेच आहात हे विसरू नका.

डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) पेडल म्हणजे हातात मावणारी डबी. बासमधून निघणारा नाजूक सिग्नल लांबच्या केबलमधून नीट जावा म्हणून ती तो बॅलन्स्ड, म्हणजे वाटेत खरखर न पकडणारा, करते आणि एक्सएलआरने (माइकच्या तीन पिनांच्या केबलने) थेट मिक्सरला देते. वर ट्रेबल-बास कमी-जास्त करायची बटणं असतात, आणि सिग्नल कोरडा वाटू नये म्हणून अ‍ॅम्पसारखा रंगही चढवते. टेक २१ चं सॅन्सअ‍ॅम्प बास ड्रायव्हर हे यातलं मानाचं पान. बेहरिंगरचं बीडीआय२१ त्याच वळणाचं, पण खिशाला परवडणारं. बीडीआय चार आकड्यांत येतं, नवा रम्बल ४० पाच आकड्यांत जातो. सॅन्सअ‍ॅम्पही पाच आकड्यांतच, त्यामुळे पेडल म्हणजे स्वस्त हे समीकरण सरसकट लावू नका.

स्टेजवर

आपल्याकडच्या सुपाऱ्या कशा असतात ते बघा. गडकरी रंगायतन असो, घाणेकर असो, वाशीचं भावे नाट्यगृह असो की सोसायटीचा मांडव, साउंड आयोजकाचा असतो. मराठी ऑर्केस्ट्रात ड्रमकिट क्वचित, बहुतेक ठिकाणी ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) आणि ढोलकी. म्हणजे स्टेजवर मुळातून मोठा आवाज करणारं वाद्य जवळजवळ नाहीच, सगळं मिक्सरमधून पुढच्या स्पीकरला जातं. अशा वेळी तुमचे ४० वॉट प्रेक्षकांसाठी नसतातच. ते फार तर तुमच्या पायाशी ठेवलेला खाजगी मॉनिटर असतात. कॉम्बो नेलात तरी साउंडवाला लाईन मागणारच, आणि तीही शेवटी एक्सएलआरच. (रम्बल ४० ला तो आउट आहे, त्याच्या खालच्या २५ ला नाही. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.)

मांडवातला मोठा स्पीकर आणखी एका कारणाने कामाला येतो. गायक येऊन पट्टी सांगतो, ‘काळी दोन’. कीबोर्डवाला पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण दाबतो आणि हसतो. तुमच्या चार तारांच्या बासची सर्वांत खालची तार पांढरी तीनला, म्हणजे ई ला, ४१ हर्ट्झवर थांबते. काळी दोनचा खालचा सा त्याच्याही खाली, ३९ हर्ट्झच्या जवळपास. मग एक तर तो वरच्या सप्तकात घ्या नाहीतर पाच तारांचा बास आणा, ज्याची बी ३१ हर्ट्झपर्यंत उतरते. पण ही खर्जाची मजा १० इंची स्पीकरच्या खोक्यातून येत नाही, तिथे फक्त वरचे स्वरांश ऐकू येतात आणि बाकीचं आपला कान भरून काढतो. मांडवातल्या सबवूफरमधून मात्र तो स्वर लोकांच्या पोटात जाऊन बसतो. पाच तारांचा बास आणि छोटा कॉम्बो ही जोडी म्हणून मला कधीच पटली नाही.

जाता जाता, कीबोर्डवाल्याशी आधीच बोलून घ्या. वर्षानुवर्षं बासवाल्याशिवाय कार्यक्रम केल्यामुळे त्याचा डावा हात बासलाइन वाजवत असतो. दोन बास एकत्र आले की लापशी होते, आणि ती ना पेडलने सुटते ना अ‍ॅम्पने. ‘दादा, डावा हात जरा मोकळा ठेवाल का?’ एवढं पुरतं.

आता पेडलची दुखरी बाजू. तुमचा आवाज तुमच्या हातात राहत नाही. मॉनिटरमध्ये गायिकेचा आवाज आणि हार्मोनियम एवढंच असतं, ‘भाऊ, थोडा बास द्या’ म्हटल्यावर साउंडवाला मान डोलावतो आणि काहीच बदलत नाही. स्वतःला ऐकू आलं नाही की माणूस जोरात तारा ओढतो आणि लय सुटते. कॉम्बोची खरी किंमत इथे कळते: मागे वळा, नॉब फिरवा, झालं. पेडलवाल्याने यावर उपाय म्हणून कमरेला लावायचा छोटा हेडफोन अ‍ॅम्प, बेहरिंगर पी२ सारखा, आणि बरे इअरफोन जवळ ठेवावेत. मिक्सरवर एक ऑक्झ (मॉनिटरसाठी वेगळा आवाज बाहेर देणारी जागा) रिकामा असेल तर त्याची लाईन मागायची. छोट्या मिक्सरवर तो रिकामा नसतो हेही खरं.

मांडवात सगळ्यात जास्त छळतो तो ५० हर्ट्झचा घूं आवाज. कीबोर्डचा अ‍ॅडॉप्टर एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या, आणि दोन्हीकडे अर्थिंग आपापल्या मर्जीचं. अशा वेळी डीआयवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचं छोटं बटण दाबलं की बऱ्याचदा घूं जागच्या जागी बंद पडतं. ते फक्त सिग्नल केबलमधलं ग्राउंड तोडतं, विजेचं अर्थिंग नाही. कॉम्बोवाले मात्र काही वेळा भलताच उपाय करतात: प्लगची वरची जाड, म्हणजे अर्थिंगची, पिन काढून टाकतात. हे कदापि करू नका. पावसात ओल्या फळ्यांवर उभं राहून, हातात बासच्या तारा असताना ओठ माइकला लागला आणि झटका बसला, तर मागचं कारण बहुधा बिघडलेलं अर्थिंगच असतं. अ‍ॅम्प नेणारच असाल तर साउंडवाल्याच्याच बोर्डवरून वीज घ्या.

घरी

इथे पारडं स्पष्टपणे पेडलकडे झुकतं, निदान फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी. खालच्या ई ची लहर हवेत आठ मीटरहून लांब असते, ती भिंतीला दाद देत नाही. शेजारच्या काकूंना गाणं ऐकू जात नाही, नुसती धडधड जाते. आणि कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमीच ऐकू येतो, म्हणून आपण नॉब वाढवत जातो. अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला तर खालच्या मजल्यावरची तक्रार थोडी कमी होते, संपत नाही. शेवटी रियाज हेडफोनवरच येतो. रम्बल ४० ला हेडफोनचं भोक आहे, पण ८ किलोचं खोकं हेडफोन लावायला कशाला हवं?

साध्या डीआय पेडलला मात्र बहुधा हेडफोन जोडता येत नाही, हे घेण्याआधी बघा. झूमच्या बी१ फोर या इफेक्ट पेडलला हेडफोन जोडता येतो, आत ताल आहेत, चार पेन्सिल सेलवर चालतो. घरच्या रियाजाला उत्तम. मेख अशी की त्याला एक्सएलआर नाही, म्हणून स्टेजवर वेगळा डीआय बॉक्स लागतो. रियाज जास्त आणि कार्यक्रम कमी असतील तर हीच जोडी घ्या.

रस्त्यात

यावर फार लिहायची गरज नाही. संध्याकाळी ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स-हार्बर पकडताना पाठीवर चार फुटी बॅग असते, तिच्याबद्दलच लोक चार शब्द ऐकवतात. हातात अ‍ॅम्प असला की लोकल विसरा आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये टॅक्सीचं मीटर बघत बसा. हौशी कार्यक्रमाचं पाकीट त्यातच रिकामं होतं. पेडल बॅगेच्या पुढच्या खिशात जातं.

कॉम्बो कुणी घ्यावा

ज्यांच्याकडे ड्रमकिट आहे आणि जे स्वतःच्या जागेत सराव करतात, त्यांनी. पण मग ४० वॉटचा नको. खऱ्या ड्रम्ससमोर तो गुदमरतो, २०० वॉटच्या पुढेच बघा. १०० चे २०० वॉट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणून वॉटबरोबर स्पीकर किती आणि केवढे आहेत तेही पाहायचं. भाड्याच्या जॅम रूममध्ये अ‍ॅम्प बहुधा असतोच, त्यासाठी आपला घ्यायचं कारण नाही.

आणि दुसरे, ज्यांचे कार्यक्रम साउंड सिस्टीमशिवाय होतात. क्लबहाउसमधली कोजागरी, कॅफेत गिटार आणि कहोनबरोबर (वर बसून वाजवायचं लाकडी खोकं) बसणं, कुणाच्या गच्चीवरची मैफल. तिथे पेडल घेऊन गेलात तर ते लावणार कशात? अशा ठिकाणी रम्बल ४० किंवा १०० अगदी नेमका बसतो. गच्चीवर वाजवताना रात्री दहाचं भान ठेवा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावू देत नाहीत, आणि सणांसाठी मध्यरात्रीपर्यंतची सूट सरकारने जाहीर केलेल्या मोजक्या दिवसांपुरतीच असते.

दोन्ही हवं असेल तर क्रम पेडल, मग कॉम्बो. सॅन्सअ‍ॅम्पसारख्या पेडलला वेगळा पॅरलल आउट (बासचा सिग्नल दुसऱ्या वाटेनेही बाहेर देणारी जागा) असतो, तो पुढे कॉम्बोत टाकता येतो: लोकांना एक्सएलआर, तुम्हाला पायाशी अ‍ॅम्प. तोवर एक्सएलआर केबल स्वतःची ठेवा, मांडवातली केबल ऐनवेळी खरखरते.

कॉम्बो जुना घ्यायला हरकत नाही, हौस ओसरलेल्यांचे बरेच विकायला निघतात. बघायला जाताना स्वतःचा बास न्या. खुली ई जोरात वाजवून स्पीकर फडफडतो का ते ऐका, मग प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा. नुसती खरखर असेल तर ती साफसफाईने जाते, पण आवाज मध्येच गायब होत असेल तर किंमत पाडा किंवा सोडून द्या. हेडफोनचं भोक आणि एक्सएलआर आउट लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.