चित्रकाराची सुट्टी: दिवाळीनंतरची सलग, की दर आठवड्याची ठरलेली?

दिवाळी अंकांची चित्रे हातावेगळी झाली की स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कथाचित्रकारासमोर एक निवड उभी राहते: सलग तीन-चार आठवडे काम पूर्ण बंद ठेवावे, की वर्षभर दर आठवड्याला दोन ठरलेले दिवस घेऊन मोठ्या सुट्टीचा विचार बाजूला ठेवावा? मी दोन्ही पद्धती पाळून पाहिल्या आहेत आणि आता दुसरीवर स्थिरावलो आहे. तरी पहिलीची बाजू लंगडी आहे, असे मी म्हणणार नाही.

सलग सुट्टी मोसमाशी जुळते, हा तिचा मोठा गुण. जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत कथाचित्रांची आणि मुखपृष्ठांची झुंबड असते. अंक एकदा बाजारात गेले की संपादक, मांडणीकार आणि मुद्रक हे सगळेच उसंत घेतात, त्यामुळे फोनही फारसा वाजत नाही. शाळा बंद असल्याने मुलांना घेऊन गावी जाता येते. डोळ्यांचा आणि मनगटाचा साचलेला शीण उतरायला दोन दिवस अपुरे पडतात, हेही खरे आहे. अडचण एवढीच की हा मोसम दरवर्षी एकाच जागी राहत नाही. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला झाले; 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते 8 नोव्हेंबरला येते. अंकांचे काम अडीच आठवडे पुढे सरकते, पण मार्चअखेरीची बिले आणि जूनमध्ये उघडणाऱ्या शाळा काही पुढे सरकत नाहीत, त्यामुळे सुट्टीचा तेवढा भाग बालपुस्तकांच्या कामातून कापला जातो.

माझा निर्णय झाला तो मात्र या हिशेबामुळे नव्हे, तर सुट्टीनंतर समोर येणाऱ्या प्रुफांमुळे. बत्तीस पानांचे, म्हणजे सोळा पानांच्या दोन फर्म्यांचे बालपुस्तक सुट्टीपूर्वी पूर्ण करून दिलेले असते. परतल्यावर कळते की मजकूर दोन ओळींनी वाढला आहे आणि एका पानावरची मुलगी थोडी डावीकडे, खिडकीशी हवी आहे. सांगायला ही किरकोळ दुरुस्ती आहे. पण मी जलरंगात काम करतो, आणि त्या पानावरचे पावसाळी आभाळ अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग यांच्या मिश्रणातून आलेल्या करड्या रंगाचे असते. पॅलेटवरचा तो करडा केव्हाच धुतला गेलेला असतो. नवा मिसळावा तर ओला असताना तो अगदी जुळतो आणि वाळला की निळसर दिसू लागतो; थोडा सिएना वाढवावा तर मातकट होतो. चेहऱ्याचे तर आणखी अवघड. त्या मुलीच्या भुवया आणि डोळे यांमधले अंतर, हनुवटीचा तिरपा फटकारा, ही मापे कागदावर लिहून ठेवण्याची नसतात. काम चालू असेपर्यंत ती हातात असतात. महिनाभराच्या खंडानंतर काढलेली मुलगी जुन्या मुलीची बहीण वाटते, तीच मुलगी वाटत नाही. शेवटी एका मुलीसाठी संपूर्ण पान नव्याने रंगवावे लागते, आणि त्याचे वेगळे मानधन मागणे रूढीला धरून नसते.

आठवड्याच्या सुट्टीत हा त्रास मला जवळजवळ जाणवलेला नाही. दोन दिवसांनी ब्रश उचलला तरी हाताला ती मुलगी आठवत असते. या पद्धतीची उणीवही सांगितली पाहिजे: घरातल्यांना ही सुट्टी सुट्टी वाटत नाही, आणि बँकेची, दुरुस्तीची, पाहुण्यांची कामे नेमकी त्याच दिवसांवर येऊन पडतात. लांबचा प्रवास तर सोडूनच द्यावा लागतो.

जे सर्व काम डिजिटल करतात, त्यांना रंगाची अडचण बहुधा येणार नाही. जुन्या फाइलमधून तोच रंग उचलता येतो. रेषेबद्दल मात्र मला तशी खात्री वाटत नाही. ज्यांची मुले शाळेत आहेत, किंवा जे एका अंकाचे चित्र दिले की त्या कामाकडे पुन्हा वळत नाहीत, त्यांना सलग सुट्टी कदाचित अधिक मानवेल. पण एकच पात्र पानोपानी काढायचे असेल, तर माझा कौल आठवड्याच्या सुट्टीलाच आहे.

ती घ्यायची ठरवलीत तर माझ्या अनुभवात शनिवार-रविवारपेक्षा रविवार-सोमवार सोयीचे पडतात. आठवडाभरच्या दुरुस्त्या एकत्र करून संपादक त्या बहुधा शनिवारी पाठवतात आणि सोमवारी सकाळी त्यांची चौकशी करतात. काम स्वीकारताना पाठवायच्या पत्रातच, मानधन आणि मुदत यांच्या खाली, ‘शनिवारी आलेल्या दुरुस्त्या मंगळवारी हाती घेतल्या जातील’ असे एक वाक्य घालावे. पत्रात ते आधीच असले, तर सोमवारच्या फोनवर पुन्हा समजावत बसावे लागत नाही.