बाणांसाठी मागवलेली फोकांची जुडी

12 फोकांची जुडी होती, सालासकट, ‘पूर्ण वाळलेली’ म्हणून विकलेली. दोन ओलेच निघाले. साल काढली आणि आठवड्यात त्यांनी बाक धरला. वाळवण्यातली ही हयगय मला फार खटकली, सगळं काम त्यावरच तर उभं असतं.

बाकीचे दहा मात्र जातिवंत. वाकलेली जागा निखाऱ्यावर फिरवत तापवायची, हाताला जेमतेम सोसवेल इतकी, मग उलट्या बाजूला जरा जास्तच वाकवून थंड होईपर्यंत धरून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी थोडा बाक परत येतो, पुन्हा तापवायचं. एका फोकाची गाठ मी पार सपाट तासली, तो तिथेच मोडला. आता गाठीपाशी थोडा फुगवटा ठेवतो.

जाड टोक पुढे, बारीक टोकाला खाच, खाचेखाली दोऱ्याचे घट्ट वेढे. आल्प्समध्ये 1991 साली बर्फात सापडलेल्या ओत्झी या प्राचीन माणसाच्या भात्यातले बाणही व्हायबर्नम या झुडपाच्या अशाच फोकांचे होते, सुमारे 5300 वर्षांपूर्वीचे! पहिला बाण सरळ गेला तेव्हा मला तेच आठवलं.

पुन्हा घेईन, पण घरी आणखी काही महिने सावलीत वाळवूनच साल काढेन.