सहावीला पालिकेच्या शाळेत घालायचं का? आईबाप काय सांगतात आणि पोरं काय सांगतात

मे-जून आला की आमच्याकडे मुंबईत विक्रोळीपासून भांडुपपर्यंत बिल्डिंगखाली, चाळीत, भाजीवाल्याकडे एकच चर्चा, पोरगं पाचवी झालं, आता सहावीला महापालिकेच्या शाळेत ठेवायचं की कसंही करून पैसे उभे करायचे आणि इंग्लिश मीडियमला टाकायचं. मी संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते, पालिकेच्या शाळेतली पण येतात, प्रायव्हेटची पण येतात, त्यामुळे एकाच शाळेबद्दल आई एक सांगते आणि पोरगी तिसरंच काहीतरी सांगते हे रोजचं आहे. खोटं कोणीच बोलत नाही. आईला शाळा दिसते ती गेटवर, पालकसभेत आणि प्रगतीपुस्तकात, आणि पोरीला दिसते ती आतमध्ये सलग पाच तास. म्हणून ठरवणाऱ्याने कुठल्या बाबतीत कोणाचं ऐकायचं ते आधी पक्कं करावं असं मला वाटतं.

पैशाच्या बाबतीत डोळे मिटून पालकांचं ऐका. पालिकेच्या शाळेत फी नाही, शिवाय गणवेश, दप्तर, बूट, वह्या धरून 27 शालोपयोगी वस्तू मोफत, ज्या घरात दोन-तीन मुलं शिकतायत त्यांना विचारा हा आधार केवढा असतो. समोर गल्लीतली छोटी इंग्लिश शाळा असेल तर नुसती फी बघू नका, टर्म फी, पुस्तकं त्यांच्याकडूनच घ्या, व्हॅन, वर स्नेहसंमेलनाचे कपडे, असं जोडत जा आणि मग आकडा बघा. मुलांना यातलं काही कळत नाही असं मात्र समजू नका, सातवीची पोरं फी थकली की वर्गात नाव घेतलं जाईल का या धास्तीत बसलेली मी बघितलीयेत, आणि तीच पोरं पालिकेच्या शाळेत आल्यावर मोकळी झालेली पण बघितलीयेत. ही गोष्ट पालकांच्या हिशोबात कधी येत नाही.

इंग्रजीचं काय, हा सगळ्यात मोठा प्रश्न. पालक म्हणतात इंग्लिश मीडियम म्हणजे पोरगं बोलायला लागेल. पोरं काय सांगतात ते ऐका, छोट्या इंग्लिश शाळेतला मुलगा विज्ञानाचं उत्तर धडाधडा पाठ म्हणून दाखवतो पण बाष्पीभवन म्हणजे नक्की काय होतं विचारलं की गप्प, आणि मराठी माध्यमाचा मुलगा ओल्या कपड्यांचं उदाहरण देऊन समजावतो पण इंग्रजीतून दोन वाक्यं बोलायला लाजतो. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही त्रासाचं आहे. मधला रस्ता म्हणजे सेमी इंग्लिश, गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचं मराठीतून, तुमच्या जवळच्या शाळेत सहावीपासून आहे का हे हेडबाईंना सरळ विचारा. फक्त एक, पाचवीपर्यंत पूर्ण मराठीत शिकलेल्या मुलाला सेमीचे पहिले काही महिने जड जातात, त्या काळात घरी गुणांवरून ओरडू नका, पोरं हे आम्हाला सांगतात, तुम्हाला नाही सांगत.

आता शिक्षक. पालकांची तक्रार ठरलेली, सर वर्गावर नसतात, कधी निवडणुकीचं काम कधी सर्वेक्षण. ती तक्रार खरी आहे, ही कामं शिक्षकांच्या मागे लागतातच. पण पोरांना विचारलं तर उत्तर वेगळ्या बाजूने येतं, त्यांच्यासाठी मुद्दा असतो की बाई असतात तेव्हा कशा असतात. एक मुलगी मला म्हणाली आमच्या बाई एकदा न समजलेलं परत विचारलं तरी चिडत नाहीत म्हणून मला गणित आवडतं, आणि तिच्याच वर्गाबद्दल तिच्या आईचं मत होतं की तिथे काही शिकवत नाहीत कारण वह्या भरलेल्या दिसत नाहीत. इथे मी पोरीचं ऐकेन. तरी एक गोष्ट मोठ्यांनीच बघायची असते, शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा या तिन्हीसाठी किमान एकेक शिक्षक हवा आणि साधारण 35 मुलांमागे एक शिक्षक हवा. पट कमी असलेल्या शाळेत दोन इयत्ता एकत्र बसवतात का, गणिताचं पद भरलेलं आहे का, एवढं विचारलं की शाळेचा अर्धा अंदाज येतो.

इमारतीबद्दल पालक म्हणतील रंग नवीन दिला, लाद्या बसवल्या, चांगली आहे. मुलींना टॉयलेटबद्दल विचारा. हे मी अगदी हात जोडून सांगते. सहावी-सातवीच्या वयात पाळी सुरू होते, आणि कडी नसलेलं दार किंवा पाणी नसलेला नळ असेल तर मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, घरी येऊन डोकं दुखतं म्हणून झोपतात आणि आईला वाटतं अभ्यासाचा कंटाळा करते. आमच्याकडे येणाऱ्या मुलींच्या एका शाळेत हेच चाललं होतं, कोणी आई बोलली नाही कारण कोणाला माहीतच नव्हतं. छोट्या खाजगी शाळांमध्ये पण हीच बोंब असते, पैसे भरले म्हणून टॉयलेट चांगलं असं काही नाही, त्यामुळे दोन्हीकडे स्वतः आत जाऊन बघा.

खिचडीचं थोडक्यात सांगते. पालक खूश, सहावी-आठवीच्या मुलाला दुपारच्या जेवणात 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत असा नियम आहे आणि कामावर जाणाऱ्या आईला डब्याची चिंता नाही. लहान मुलं आवडीने खातात, सातवी-आठवीतल्या मुलींना ताट घेऊन रांगेत उभं राहायची लाज वाटते आणि त्या उपाशी राहतात. घरून छोटा डबा द्या, प्रश्न मिटतो.

संगत हा शब्द पालकांच्या तोंडात सगळ्यात आधी येतो. वस्तीतली पोरं, शिव्या, तंबाखू. भीती अगदीच खोटी नाही, पण संगत फीच्या पावतीने बदलत नाही, ती शाळा सुटल्यावर पोरगं कुठे असतं त्यावर जास्त अवलंबून असते. आणि मुलांच्या बाजूने बघितलं तर पालिकेच्या शाळेतलं मला सगळ्यात आवडणारं हेच आहे. पालिका आठ माध्यमांत शाळा चालवते, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड, त्यामुळे कितीतरी इमारतींत खालच्या मजल्यावर मराठी आणि वरती उर्दू किंवा हिंदी शाळा असते. मैदानावरून भांडणं होतात, मग क्रिकेटची टीम एकत्र होते, आणि पोरगं घरी येऊन सांगतं की मला आज ईदचा शिरखुर्मा मिळाला. एवढी मिसळ मुंबईत दुसरीकडे फी भरून मिळत नाही. पालिकेच्या ‘माझी मुंबई’ चित्रकला स्पर्धेला मुलं बागेत चित्रं काढायला जातात तो दिवस तर पोरं वर्षभर आठवतात, आणि पालकांच्या बोलण्यात त्याचा एक शब्द नसतो.

‘आठवीपर्यंत ढकलपास आहे, पोरं अभ्यास करत नाहीत’ असं कोणी म्हणालं तर ते जुनं झालं. महाराष्ट्रात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर फेरपरीक्षा आणि त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. पोरांना आठवीचं टेन्शन आहे, पालकांना कित्येकदा पत्ताच नाही.

एका बाबतीत पालिकेची शाळा सरळसरळ पुढे आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आठवीत एनएमएमएस नावाची सरकारी शिष्यवृत्तीची परीक्षा असते, पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत 55 टक्के हवेत, राखीव गटांना थोडी सूट आहे, आणि मुख्य म्हणजे सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतच शिकत असायला हवं. विनाअनुदानित इंग्लिश शाळेतल्या मुलाला बसताच येत नाही. चार वर्षांचे 48,000 होतात, छोट्या घरासाठी ही लहान रक्कम नाही.

आता जिथे पालिकेची शाळा मार खाते ते पण सांगते. खूपशा शाळा सातवी किंवा आठवीलाच संपतात. मग मुलाला ऐन नववीच्या तोंडावर नवीन शाळा, नवीन मित्र, कधी हायवे किंवा रेल्वेचा पूल ओलांडून जायचं, आणि शाळा सोडणाऱ्या मुली इथेच सुटतात. पालक म्हणतात तेव्हाचं तेव्हा बघू. मुलं म्हणतात आमचा ग्रुप तुटला आणि नवीन शाळेत आम्हाला ‘म्युन्सिपाल्टीवाले’ म्हणून हिणवतात. त्यामुळे माझं मत असं की जवळच्या पालिका शाळेला दहावीपर्यंतचे वर्ग जोडलेले असतील आणि गणिताचे शिक्षक असतील तर बिनधास्त घाला आणि वाचलेल्या फीमधून इंग्रजीसाठी एखादी चांगली शिकवणी लावा. शाळा सातवीला संपत असेल तर पाचवी ते दहावीची अनुदानित मराठी शाळा शोधा, फी अगदी कमी असते आणि मुलाला मधे हलवावं लागत नाही. गल्लीतली इंग्लिश शाळा तिसऱ्या नंबरला, आणि तीसुद्धा तिचा युडायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदणीतला नंबर, बघूनच, कारण अनधिकृत शाळांची यादी पालिका दरवर्षी काढते आणि तरी लोक फसतात.

पालिकेच्याच मुंबई पब्लिक स्कूल नावाच्या सीबीएसई बोर्डाच्या शाळांबद्दल पण सगळे विचारतात. चांगल्या आहेत, पण प्रवेश लॉटरीने आणि जागा मुख्यतः खालच्या वर्गांना, सहावीला त्याच्यावर विसंबून बसू नका. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत राखलेल्या, 25 टक्के जागा पण शाळेच्या सुरुवातीच्या वर्गालाच असतात, सहावीला नाहीत.

शाळा बघायला जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या आणि मधल्या सुट्टीत जा, मोठ्या बाईंशी तुम्ही बोला तोवर त्याला सातवीच्या मुलांमध्ये सोडा, दहा मिनिटांत त्याला जे कळेल ते तुम्हाला ऑफिसात कळणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात, त्यातल्या एखाद्या ताईचा नंबर मागून घ्या, टॉयलेटपासून शिक्षकांच्या पदापर्यंत सगळं तिथेच विचारता येतं आणि प्रवेशानंतर तुम्हीही त्यात जाऊ शकता. आणि आधीची शाळा फी बाकी आहे म्हणून दाखला अडवत असेल तर घाबरून वर्ष घालवू नका, दाखला यायला उशीर झाला या कारणावरून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही, आधार कार्ड आणि प्रगतीपुस्तक घेऊन सरळ शाळेत जाऊन उभे राहा.