पुण्यातली स्पर्धा की मोनास्टिरचे तीन आठवडे?

महिला टेनिसच्या जागतिक (डब्ल्यूटीए) क्रमवारीत हजाराच्या आसपास असलेल्या कोल्हापूरच्या मुलीला पुण्यात डब्ल्यू ३५ ही छोट्या पातळीवरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा असली की रात्रीच्या गाडीने सकाळी कोर्टावर पोचता येतं. विजेतीला क्रमवारीचे ३५ गुण मिळतात, पण जास्त गुणांसाठी परदेशी खेळाडूही येतात, मग हिला पात्रता फेरीपासून सुरुवात करावी लागते. तिथे हरली तर आठवडा संपला. खर्च मात्र आटोक्यात.

ट्युनिशियातल्या मोनास्टिरला डब्ल्यू १५ या सर्वांत खालच्या पातळीच्या स्पर्धा वर्षभर एकामागून एक होतात. विजेतीला फक्त १५ गुण. पहिल्या फेरीत हरलं तर शून्य, एक सामना जिंकला तर १. जमेची बाजू म्हणजे विमानभाडं तीन आठवड्यांवर विभागलं जातं आणि कोर्ट तेच राहतं. मुंबईहून विमान बदलून ट्युनिस, पुढे रस्त्याने सुमारे १६० किलोमीटर. रॅकेटच्या तारा मात्र इथूनच न्याव्यात.

क्रमवारीत येण्यासाठी तीन स्पर्धांत गुण किंवा एकूण १० गुण लागतात. एखादीचं क्रमवारीत अजून नावच लागलं नसेल तर मोनास्टिर बरं. नाव लागलेलं असेल, तर आधी पुणे. दोन्हीकडे प्रवेशाची मुदत स्पर्धेच्या १८ दिवस आधीच्या गुरुवारी संपते. कित्येकींची संधी इथेच हुकते.