वही की टॅबलेट? वाचाघातानंतर गप्पांत परत शिरताना

पक्षाघातानंतर वाचा गेली, उपचार सुरू आहेत, घरातल्यांना खुणा कळतात, पण चारचौघांत बसलं की आपण फर्निचर होतो, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी (आणि त्यांच्या घरच्यांसाठी) हे लिहितोय. या टप्प्यावर बहुतेकांपुढे दोन गोष्टी येतात: चित्रांवर बोट ठेवलं की बोलणारं टॅबलेटवरचं अ‍ॅप, किंवा साधी वही आणि जाड मार्कर. मी दोन्ही वापरलंय, अजूनही वापरतो. कोणतं अ‍ॅप, किती चित्रं, यात शिरत नाही. ते तुम्हाला थेरपिस्ट सांगतीलच.

माझ्या वाचाघाताचा प्रकार ब्रोकाचा. समजतं बहुतेक सगळं, ओठांवर काही येत नाही. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने ज्या रुग्णाचं वर्णन केलं त्याला 'टॅन' एवढंच म्हणता येई. माझं तसं 'म्हणजे' होतं. प्रश्न कुठलाही विचारा, उत्तर 'म्हणजे'. ज्यांना बोलता येतं पण बोललेलं समजण्यातच अडचण आहे, त्यांचं गणित वेगळं असेल. माझा अनुभव त्यांनी बेतानेच घ्यावा.

सुरुवातीला मी पूर्ण टॅबलेटच्या बाजूने होतो. एक तर त्याला आवाज आहे. दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर, वही काढून बसणं मला कमीपणाचं वाटायचं, टॅबलेट तर सगळेच हातात घेऊन बसतात. अ‍ॅपमधलं मराठी मात्र जेमतेम. 'घर'वर बोट ठेवलं की 'घर', 'जाणे'वर ठेवलं की 'जाणे'. आपली भाषा प्रत्ययांवर चालते. 'मी घर जाणे' ऐकून समोरच्याला अर्थ कळतो, पण तो आपल्याशी लहान मुलाशी बोलावं तसा बोलायला लागतो. तेही मी चालवून घेतलं. चालवून घेता आली नाही ती गोष्ट दुसरीच.

एकदा घरात भावाच्या जुन्या गाडीवर चर्चा चालली होती, विकावी की ठेवावी. मला सांगायचं होतं, विकू नको, नुसते ब्रेक बदल. मी मान खाली घातली. प्रवास, वाहने, गाडी, मागे, क्रिया, पुढचं पान... 'नको' सापडेपर्यंत गाडी बाजूला पडून विषय पुतण्याच्या पुढच्या शिक्षणावर गेला होता. आणि टॅबलेट खणखणीत बाईच्या आवाजात म्हणाला, "नको!" सगळे गप्प. पुतण्या म्हणाला, "काका, शिकू नको?" मग सगळे हसले, मीही हसलो. पण असं आठवड्यातून तीनदा झालं की माणूस टॅबलेट बंद करून मांडीवर ठेवतो.

२००९ साली दहा भाषांमधली संभाषणं तपासणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतची फट सरासरी पाव सेकंदाहूनही लहान निघाली. माझं अ‍ॅप त्या फटीत कधीच मावलं नाही. त्याहून वाईट म्हणजे मी शोधत असताना काही तरी सांगतोय हेच कुणाला दिसत नाही. मान खाली, नजर काचेवर. बघणाऱ्याला वाटतं, हा त्याच्या नादात आहे.

वहीचा वेग काही जास्त नाही. उजवा हात गेलेला, डाव्या हाताने काढलेलं चाक बटाट्यासारखं दिसतं. पण मार्करचं टोपण उघडलं की सगळ्यांच्या माना वळतात. दोन चाकं आणि 'ब्रे' एवढं झालं की भाऊच म्हणतो, "ब्रेक? ब्रेकचं काय?" वाक्य मी पुरं करावं लागत नाही. टॅबलेट मला सगळं एकट्याने जुळवायला लावतो. वहीत अर्धं काम समोरच्याच्या गळ्यात पडतं. माझ्यासाठी तराजू तिथेच झुकला.

टोरोंटोच्या स्पीच थेरपिस्ट ऑरा केगन यांनी नव्वदच्या दशकात आधार देऊन संभाषण करण्याची जी पद्धत मांडली, तिचं मर्मही हेच: वाचाघात झालेल्या माणसाला कळतं हे गृहीत धरायचं, आणि संभाषणाचं कसब बोलता येणाऱ्याने शिकायचं. म्हणजे समोरच्यानेही मार्कर घ्यायचा. प्रश्न विचारताना दोन-तीन शक्यता ठळक लिहायच्या आणि खाली न चुकता 'यातलं काही नाही'. माझ्या तोंडून 'नाही'च्या जागी 'हो' निघतं, म्हणून पानाच्या कोपऱ्यात दोन्ही शब्द लिहिलेले असतात. तोंडापेक्षा बोटावर विश्वास ठेवायचा.

वहीचाही ताप आहेच. अतिउत्साही माणूस पहिल्या अक्षरावरच दहा अंदाज फेकतो आणि अकरावा बरोबर असेल तर तोवर तुम्ही दमून मान हलवता. लेखन-वाचन जास्त गेलं असेल तर चित्रांवरच भिस्त ठेवावी लागेल, मग टॅबलेट उजवा ठरू शकतो. अनोळखी माणसापुढे आणि फोनवर तर तो ठरतोच: 'मला वाचाघात आहे. समजतं. थोडा वेळ द्या' हे साठवलेलं वाक्य एका बोटात वाजतं. शिवाय त्यातले फोटो. कुठे गेलो, कोण भेटलं, हे फोटो दाखवून सांगण्याची सर माझ्या बटाट्यांना नाही.

तेव्हा जमत असेल तर दोन्ही ठेवा. एकच घ्यायचं असेल आणि तुमची माणसं समोर बसणारी असतील, तर मी वही म्हणेन. स्पायरलची घ्या, एका हाताने उघडता येते आणि सपाट राहते. मार्कर मात्र दोन घ्या, दुसरा समोरच्याच्या हातात द्यायला.