पांढऱ्या समुद्राजवळ भाड्याचा फ्लॅट: एक पावसाळा काढल्यावर

रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला, पांढरा समुद्र नावाच्या किनाऱ्याजवळ, तीन मजली, आठ फ्लॅटची नवी इमारत. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, गॅलरी पश्चिमेला. दहा महिने झाले. जागा आवडली आहे, पण घर बघताना समुद्र किती दिसतो याआधी खिडक्या बघाव्यात.

पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो आणि झड सरळ काचेवर आपटते. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती रेतीने किंवा रंगाने बुजली, की ट्रॅक भरतो आणि पाणी आत सांडतं. लोक काचेला दोष देतात, चूक भोकांची असते. ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघा. लगेच बाहेर गेलं नाही तर तारेने भोकं मोकळी करा. चौकट आणि भिंत यांमधली फट सिलिकॉनने बुजवायची ती मे महिन्यातच, भिंत कोरडी असताना. ओल्या भिंतीवर सिलिकॉन धरत नाही. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, कामांत हे पहिलं.

खाऱ्या हवेत साध्या लोखंडाच्या बिजागऱ्या टिकत नाहीत. स्टेनलेस स्टीलमध्येही 304 या प्रतीवर काही महिन्यांत तांबूस डाग येतात. 316 प्रतीत मॉलिब्डेनम हा धातू असल्याने ते जास्त तग धरतं. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पात्यांवर पांढरी भुकटी दिसली, की क्षार खायला लागले समजा. महिन्यातून एकदा एमसीबी (एसीचा वीज तोडणारा स्विच) पाडून, गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवावं. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. गॅलरीतल्या उघड्या प्लग पॉइंटमध्ये ओल गेली तर आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडतो. तिथे झाकणाचा पॉइंट मालकाकडून आधीच बसवून घ्या.

कपाट पश्चिमेच्या भिंतीला चिकटवू नका, चार इंच जागा सोडा. नाहीतर जुलैत मागच्या फळीवर बुरशी धरते, आणि चामड्याच्या चपला-पट्ट्यांवर तर हमखास.

पाण्याची परीक्षा मे महिन्यात होते, जानेवारीत नाही. किनाऱ्याजवळची बोअर उन्हाळ्यात मचूळ होते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर काही शे रुपयांत मिळतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं. मचूळ पाण्याने गीझरच्या कॉइलवर थर चढतो, आणि टाकी गंजू नये म्हणून आत असलेला मॅग्नेशियमचा रॉड झिजतो, तो वर्षाने तपासावा. वीज गेली की पंप बंद, म्हणून गच्चीवरच्या टाकीची क्षमता आठ घरांना दीड दिवस पुरते का, हे विचाराच. छोट्या इमारतीत जनरेटर सहसा नसतो.

करार 11 महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार त्याची नोंदणी लागतेच, आणि ती जबाबदारी मालकाची. नोटरी पुरत नाही. त्यात एक ओळ मुद्दाम घाला: गंज, ओल आणि रंगाचे पोपडे यांचा खर्च अनामत रकमेतून कापायचा नाही. आत शिरण्यापूर्वी बिजागऱ्या, ग्रिल आणि छताचे कोपरे यांचे तारखेसह फोटो मालकाला पाठवून ठेवा.

एप्रिल-मेच्या संध्याकाळी पंखा लावावा लागत नाही, हे सुख खरंच मोठं आहे. करार वाढवायचा आहे, फक्त याच इमारतीतल्या पूर्वेकडच्या फ्लॅटचा.